मागच्या भिंतीजवळचा दगड

मधू,

काल करुणाबरोबर कामठीला जाऊन आलो. तू गेल्याला आज बारा दिवस झाले. तुझ्या मुलीनेच हट्ट धरला होता की बाबा शेवटपर्यंत ज्या दगडाविषयी बोलत होते तो मला पाहायचा आहे. मी दोनदा टाळलं. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा पाहुण्यांचं. तिसऱ्या वेळी ती स्कूटी घेऊन दारातच उभी राहिली. बगलेत तुझी वही होती. मग मी चप्पल घातली आणि मागे बसलो.

काल जे झालं ते तुला सांगायचं आहे. त्याच्याही आधीचं, जे तू असताना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, तेही.

तुझी माझी ओळख एका कोनशिलेमुळे झाली. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीची शिला तुझ्या कामठी रोडवरच्या दुकानातून आली, आणि तिच्यावर उद्घाटनाची तारीखच चुकलेली होती. मी शाळेचा ग्रंथपाल. अशी कामं माझ्याकडेच यायची. तक्रार घेऊन आलो तर तू छिन्नी खाली न ठेवता म्हणालास, "कागद दाखवा." कागद पाहिला. चूक कागदावरचीच होती, आणि कागद माझ्या हातचा होता. मी ओशाळलो. तू हसलास. म्हणालास, "बसा मास्तर. चहा घ्या. दगड मी पलटवून मागच्या बाजूनं कोरून देतो." मी मास्तर नव्हतो, आयुष्यात एकही तास शिकवला नाही. पण त्या दिवसापासून तुझ्या तोंडी मी मास्तरच राहिलो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी तू मला पहिल्यांदा कामठीच्या छावणीतल्या त्या जुन्या कब्रस्तानात नेलंस. लोक त्याला गोरा कब्रस्तान म्हणतात. लोखंडी फाटक, आत घाणेरीचं रान, वाळलेली सागाची पानं, आणि त्यातून वर आलेले दीडदीडशे वर्षांपूर्वीचे दगड. कुठे सुळका, कुठे दगडी कलश आणि त्यावर टाकलेलं दगडाचंच वस्त्र. एक मोडका खांब पाहून मी म्हणालो, पडला बिचारा. तू माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलंस. "पडला नाही गा. मोडलेलाच घडवला. जवान माणूस मेलं का असा खांब लावत. सरळ खांब कोणीबी घडवन. मोडलेला घडवून पाह्य."

मला ते ठिकाण आवडलं नाही. या देशावर राज्य करायला आलेली माणसं इथे तापाने आणि पटकीने मेली, त्यांच्यावर आपण कशाला रविवार खर्च करायचे, असं मी म्हणालो. आपला तो वाद कधी संपला नाही. तू म्हणायचास, "साहेब खाली हाये, मास्तर. दगड वर हाये. दगड साहेबानं नाही घडवला." मी म्हणायचो, पैसे साहेबाने दिले. तू म्हणायचास, "मले बी लोकं पैसे देतात. म्हणून काय अक्षर त्यायचं झालं?" मी म्हणायचो, नाव तर त्यांचंच आहे ना. यावर तू गप्प व्हायचास, आणि मला वाटायचं की मी जिंकलो.

तरीही आपण सहा वर्षं रविवारी सकाळी जात राहिलो. फाटकाजवळ राहणारी मौसी आपल्याला पाहून ओरडायची, "आ गए कबरवाले! ज़िंदों में मन नहीं लगता क्या तुम लोगों का?" तू म्हणायचास, "मौसी, ज़िंदा लोग पैसा मांगते हैं." ती हसून झाडू उचलायची.

कामाची रीत तू घालून दिली होतीस. आधी पाण्याचा फवारा, मग मऊ स्पंज, तोही भांड्यांचा नाही, बाळांच्या अंगाचा. मग केशकर्तनालयातून आणलेला तुझा तो मोठा आरसा घेऊन मी उन्हात उभा राहायचो आणि दगडावर तिरपं ऊन पाडायचो. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं वर येतात. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षराचं प्रत्येक वळण हाताला माहीत होतं. तू आकार उतरवून घ्यायचास. मी वेगळ्या चिठ्ठीवर शब्द लिहायचो. मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर तू वहीत सुवाच्य अक्षरात इंग्रजी लिहायचास आणि खाली मी सांगितलेला मराठी अर्थ. नाही जुळल्या तर ओळ कोरी सोडायची. दोघांनी वाचल्याशिवाय नोंद नाही. मी कधी घाई केली, अंदाजाने शब्द भरायला निघालो, तर तू पेनच्या टोपणाने माझ्या बोटांवर टकटक करायचास.

अकरा महिन्यांचं मूल, तीन आठवड्यांचं मूल, अशी ओळ आली की तुझा आवाज बसायचा. साहेबांची बाजू कोण घेत होतं आणि कोण विरोधात होतं, हे अशा वेळी मला कळेनासं व्हायचं.

चौथ्या वर्षी मागच्या भिंतीजवळ तुला तो दगड सापडला. साधा, गुडघ्याएवढा, वालुकाश्माच्या चौकटीत बसवलेली संगमरवरी पाटी. पाटी काळ्या शेवाळाने पूर्ण भरलेली. अक्षरं आहेत एवढंच हाताला कळत होतं. तू खाली बसून कडेची माती बोटाने काढलीस आणि तसाच बसून राहिलास. मी विचारलं, साप आहे का? तू म्हणालास, "इकडं ये. खाली पाह्य."

पाटीच्या खालच्या कडेला तीन उभ्या रेघा आणि एक टिंब होतं.

त्या दुपारी तू मला घरी नेलंस आणि स्वयंपाकघरातला पाटा उलटा करून दाखवलास. तिथेही तीन रेघा, एक टिंब, घडवणाऱ्याची तीच खूण. तुझा पणजा छावणीत दगड घडवायचा एवढंच तुमच्या घरात माहीत होतं. त्याचं नाव आता कोणाला ठाऊक नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तुझ्या आजोबांनी घरातले देवांचे दगड कन्हान नदीत सोडले. हा पाटा तेवढा ठेवला, कारण हा देव नव्हता, हा बापाच्या हातचा होता. "एवढंच हाये आमच्याकडे त्याचं," तू म्हणालास. "आन आता ते तिथलं."

त्यानंतर तुला बाकी कशाचं काही राहिलं नाही. पणज्याने काय कोरलं ते वाचायचं. मी म्हणालो, औषध मारू, काहीतरी लावू, शेवाळ निघेल. तू म्हणालास, "संगमरवराले अ‍ॅसिड म्हणजे साखरेले पाणी. हात नको लावू. दर रविवारी थोडं पाणी, थोडा स्पंज. निघन. दगडाले घाई चालत नाही." दोन वर्षांत एका कोपऱ्यातलं तळहाताएवढं शेवाळ निघालं. त्याखाली वेलबुट्टीचं एक पान दिसलं. त्या पानावरून तू बोट फिरवायचास तेव्हा मी दुसरीकडे पाहायचो.

मग तुझा खोकला. चाळीस वर्षं मशीनखाली उडणारी दगडाची धूळ तोंडाला रुमाल बांधून गिळलीस, ती फुफ्फुसात बसली होती. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं तेव्हा तू त्यांना म्हणालास, "म्हणजे आत बी कोरकाम चालू हाये." घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगापासून मोरीपर्यंतची नळी, तेवढंच तुझं जग. मी एकटा कामठीला जाऊ लागलो. परत आलो की तुझा पहिला प्रश्न, "किती निघालं?" मी म्हणायचो, थोडं. तू म्हणायचास, "थोडं म्हणजे किती गा? नखाएवढं का रुपयाएवढं?"

एका रविवारी तू प्रश्न विचारलाच नाहीस. डोळे मिटून पडून होतास. मी निघताना म्हणालास, "मास्तर, माह्यानं आता वाचणं होत नाही वाटते ते."

त्या आठवड्यात मी फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली विकत घेतली.

हे मी तुला सांगितलं नाही, मधू. मला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. तूच सांगितलं होतंस, आणि माझ्यासारखा माणूस वाचलेलं, ऐकलेलं विसरत नाही. मी स्वतःला सांगितलं की पातळ करून, एकदाच, लगेच धुऊन टाकायचं. बादलीत पाणी घेतलं, थोडं अ‍ॅसिड टाकलं, ब्रशने लावलं. पांढरा फेस आला आणि काळं सगळं सोलल्यासारखं निघालं. मधू, अक्षरं दिसली. क्षणभर खरंच दिसली, पूर्ण ओळी, वरून खालपर्यंत. मी चष्मा शोधायला लागलो. तो पिशवीत होता, पिशवी पलीकडच्या कबरीवर. परत आलो तोवर फेस चालूच होता. घाबरून पाणी ओतलं. फेस थांबला. पाटी पांढरीशुभ्र झाली होती आणि खडीसाखरेसारखी खरखरीत. अक्षरांच्या जागी नुसते उथळ खळगे. आतून दगड कधीच पोकळ झाला होता, त्या शेवाळानेच तो धरून ठेवला होता. मी गुडघ्यावर बसून खालच्या कडेला हात लावला. अ‍ॅसिड तिकडेच ओघळलं होतं. रेघाही नव्हत्या, टिंबही नव्हतं. वेलबुट्टीचं पानही गेलं होतं.

मी तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. मौसीने येऊन विचारलं, "तबीयत ठीक है, बाबूजी?" मी हो म्हणालो.

तुझ्याकडे यायला निघालो तेव्हा सांगायचं ठरवून निघालो होतो. दारात करुणा म्हणाली, आज सकाळपासून जेवले नाहीत. आत आलो. तू डोळे उघडलेस. माझ्या चेहऱ्यावर तुला काहीतरी दिसलं, आणि तू ते उलटं वाचलंस. उठून बसायला लागलास. "निघालं? वाचलं तुनं?"

मी म्हणालो, हो.

तू करुणाला वही आणायला सांगितलीस. मी म्हणालो, नाव गेलं आहे, खालची एकच ओळ शिल्लक आहे. तू म्हणालास, "सांग." मला काहीतरी सांगावं लागलं. मी म्हणालो, तिला ऊन सोसत नसे, म्हणून तिला झाडाखाली ठेवलं आहे. तू आधी मराठी ऐकलंस. मग म्हणालास, "आता अक्षरं सांग." मी इंग्रजी ओळ मनात जुळवत एकेक अक्षर सांगत गेलो, आणि तू नाकातली नळी सावरत, मध्ये मध्ये थांबत, थरथरत्या हाताने एकेक अक्षर काढत गेलास. कोरल्यासारखं. एका अक्षराला तुझं अर्धं मिनिट जात होतं. त्यातल्या प्रत्येक अर्ध्या मिनिटात मला थांबता आलं असतं.

मग तू विचारलंस, "झाड कोठी हाये तिथं?"

मी म्हणालो, तेव्हा असेल.

"असंन," तू म्हणालास. थोड्या वेळाने म्हणालास, "मास्तर, पणज्याले इंग्रजी येत नव्हतं. काय कोरून राहिलो हे त्याले मालूम नसन. कोणी सांगतलं बी नसन त्याले." मग माझा हात धरलास. "मले तुनं सांगतलं."

मी एकट्याने वाचलेलं वहीत कसं चालेल, असं मी म्हणालो. निदान तेवढं तरी म्हणालो. तू म्हणालास, "तुनं वाचलं म्हणजे मी बी वाचलं." सहा वर्षांत तू रीत मोडलीस ती एवढी एकदाच.

त्या रात्री तू जेवलास, असं करुणाने फोनवर सांगितलं. नंतरचे दीड महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू ती ओळ ऐकवलीस. दूधवाल्याला, नर्सला, विहारातल्या मंडळींना. मी समोर बसून ऐकत राहिलो. मला तू फोटो मागशील याची धास्ती होती, पण माझ्या बटणाच्या मोबाइलची तू नेहमी टर उडवायचास, आणि म्हणायचास, "फोटो काहून? बरा झालो का मीच पाहतो." शेवटच्या आठवड्यात बोलणं होत नव्हतं तेव्हा मला पाहून तू दोन्ही हात जोडलेस. मैत्रीत असं कोणी हात जोडत नाही. मला माहीत आहे ते कशाबद्दल होते.

आता काल.

करुणा फाटकातून भराभर आत आली, जणू वाट तिला माहीत होती. तू तिला इतकं सांगितलं होतंस. घाणेरी बाजूला करत ती भिंतीपर्यंत गेली, पांढऱ्या पाटीसमोर थांबली, आणि आजूबाजूला पाहू लागली. मी मागून पोचलो.

"काका, कोणता?"

मी बोट दाखवलं. ती खाली बसली. पाटीवर हात फिरवला. ओढणीने पुसून पुन्हा हात फिरवला. मग खालच्या कडेला बोटं नेली. घरातला पाटा उलटा करून तिने लहानपणापासून पाहिलेला होता, काय शोधायचं ते तिला माहीत होतं.

"इथं तं काहीच नाही, काका."

मग मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. बाटलीपासून अक्षरांपर्यंत सगळं. ती मान वर न करता ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "बाबांले माहीत होतं?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"नाही."

"मंग बाबा तुमच्या पाया पडून राहिले होते त्या दिवशी, तेव्हा तुम्ही काहीच नाही म्हटलं."

ती पाया पडणं म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

शेजारच्या रस्त्यावरून लष्कराचा ट्रक गेला. मग तिने वही उघडली, ते पान काढलं, पेन माझ्यापुढे धरलं. "लिहा. तुमच्या हातानं लिहा." मी तुझ्या अक्षरांखाली लिहिलं की ही ओळ दगडावर नव्हती, ती मी रचली, आणि दगड मी खराब केला. सही केली. तुझं अक्षर थरथरतं होतं आणि माझं सरळ आलं, हे पाहून मला स्वतःची किळस आली.

वही मिटताना तिने विचारलं, "पण ती ओळ आणली कुठून तुम्ही? एवढ्यात सुचली कशी?"

हे मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी करुणाला म्हणालो, तुझ्या काकूला, माझ्या नलिनीला, ऊन सोसत नसे. काही वर्षांपूर्वी ती मे महिन्यात गेली, तुला आठवत असेल. दुपारी दोनला घाटावर नेलं. शेडखालचे ओटे भरलेले होते म्हणून तिला बाहेरच्या ओट्यावर ठेवलं. मी तिच्या चेहऱ्यावर छत्री धरून उभा राहिलो. कोणीतरी हळूच माझ्या हातून छत्री काढून घेतली, म्हणालं, असं करू नका, बरं दिसत नाही. मी देऊन टाकली. माझ्याकडून तिच्यासाठी सावली एवढीसुद्धा झाली नाही. बाबांनी सांग म्हटलं तेव्हा माझ्या तोंडातून तेच आलं.

आम्ही परत निघालो. एरवी गतिरोधक आला की "काका, पकडा" करुणा म्हणते, काल म्हणाली नाही. माझ्या गल्लीच्या तोंडाशी तिने स्कूटी थांबवली. मी उतरलो. तिने हेल्मेट काढलं. रडली होती, ते तेव्हा दिसलं.

"हे काकूचं, छत्रीचं, बाबांले सांगतलं होतं कधी?"

"नाही."

"काहून नाही?"

तू घाटावर होतास, माझ्या मागेच उभा होतास. तरी त्यानंतरच्या इतक्या रविवारांत मी तुझ्याजवळ नलिनीचं नाव काढलं नाही. परक्या बायकांची, परक्या लेकरांची नावं वाचत राहिलो.

"बाबांनं तुमच्यासाठी ती ओळ कोरून देली असती, काका," ती म्हणाली. "श्वास नव्हता तरी देली असती. पणज्याचा दगड गेला म्हणून तुम्ही सांगतलं असतं, आन हे सांगतलं असतं, तं लय रागावले असते दोन दिवस. मंग छिन्नी मागतली असती." तिने हेल्मेट घातलं आणि गेली. पुन्हा या, असं म्हणाली नाही.

मधू, ती खरं बोलली. तू पलंगावर उशीला टेकून, मांडीवर टाइलएवढा तुकडा घेऊन बसला असतास. नाकातली नळी सावरत कोरलं असतंस. मग विचारलं असतंस, "लावशीन कोठी?" आणि मी म्हणालो असतो की लावायला जागा नाही, तिची राख कन्हानमध्ये वाहून गेली, तिला कबर नाही.

त्यावर तू काय म्हणाला असतास, ते कालपासून ऐकू यावं म्हणून बसलो आहे. येत नाही.